शिडीवरच्या म्हाताऱ्याचे हात

प्रश्न थोडक्यात असा आहे. वडील प्राध्यापक म्हणून निवृत्त झाले तेव्हा सहकाऱ्यांनी त्यांना एक चित्र फ्रेम करून भेट दिलं. ग्रंथालयातल्या उंच शिडीवर उभा असलेला म्हातारा, आणि त्याच्या अंगाखांद्यावर पुस्तकंच पुस्तकं. वडिलांना ते फार आवडतं. परवा घरी आलेलं कुणीतरी म्हणालं, "हे तर विद्वानांची टर उडवणारं चित्र आहे." तर हे कौतुक की टिंगल? अशी चित्रं आणखी आहेत का? आणि फरक ओळखायचा कसा?

सरळ उत्तर आधी देतो: टिंगल आहे. वडिलांना सांगायचं की नाही ते तुमचं तुम्ही ठरवा, पण पुढचं वाचून मग ठरवा. ही टिंगल ज्या घराण्यातली आहे ते घराणं जुनं आणि खानदानी आहे, आणि त्यातले टिंगल करणारे बरेचसे स्वतःच गळ्यापर्यंत पुस्तकांत बुडालेले होते.

मी गेली पंचवीसेक वर्षं जुनी छापचित्रं हाताळतोय. साफसफाई, डागडुजी, नोंदी करणं, हेच काम. त्यातून एक सवय लागली आहे. चित्रात विद्वान दिसला की चेहरा नंतर बघायचा, आधी हात बघायचे. पुस्तकं किती आहेत त्यावरून काहीच कळत नाही. संताभोवतीही पुस्तकं असतात आणि मूर्खाभोवतीही. हात काय करताहेत यावरून चित्रकाराच्या मनात काय आहे ते कळतं.

तुमच्या वर्णनावरून ते चित्र जर्मन चित्रकार कार्ल श्पिट्झवेगचं 'पुस्तकी किडा' आहे, 1850 च्या सुमाराचं. मूळ चित्र अगदी लहान, उंची 50 सेंटिमीटरच्या आसपास आणि रुंदी जेमतेम 27. श्पिट्झवेगनं याच विषयाची तीन चित्रं केली, त्यातलं एक जर्मनीत श्वाइनफुर्टच्या गेओर्ग शेफर संग्रहालयात आहे. आता वडिलांच्या प्रतीसमोर उभे राहा आणि हात बघा. एका हातातलं पुस्तक पार नाकाला टेकलंय. दुसऱ्या हातात दुसरं पुस्तक, तेही उघडंच. तिसरं काखेत. चौथं दोन गुडघ्यांच्या मध्ये आवळून धरलेलं. म्हणजे शिडी धरायला या माणसाकडे एकही अवयव शिल्लक नाही! आणि शिडी किती उंच आहे हे श्पिट्झवेग दाखवतच नाही, कारण जमीन चित्राच्या चौकटीत येत नाही. पडला तर किती खाली पडेल, ते आपण मनातल्या मनात मोजायचं.

कोटाच्या खिशातून रुमाल लोंबतोय. कधीतरी काढला, परत कोंबला, लक्षच नाही. काळी तोकडी तुमान दरबारी इतमामाची आहे, म्हणजे हा कुणी फाटका गृहस्थ नव्हे. कपाटाच्या माथ्यावर विभागाची पाटी आहे: 'मेटाफिजिक', अतिभौतिकशास्त्र. आणि खाली कोपऱ्यात, अर्धवट अंधारात, पृथ्वीचा गोल. साहेब दृश्य जगाच्या पलीकडच्या गोष्टी वाचताहेत आणि जग त्यांच्या पायांखाली धूळ खात पडलंय. वरून ऊन येतंय, पण ज्या खिडकीतून येतंय ती आपल्याला दिसत नाही आणि त्यांना बघायची नाही. त्यांच्या लेखी उन्हाचा उपयोग एवढाच की अक्षरं दिसतात.

तारखेकडेही लक्ष द्या. 1848 साली जर्मन मुलखात क्रांतीचा भडका उडाला आणि वर्षभरात विझला. त्यानंतर बरीच सुशिक्षित मंडळी घरात, छंदांत, पुस्तकांत शिरून बसली. श्पिट्झवेगचा म्हातारा त्या मंडळींपैकी आहे. पण श्पिट्झवेगच्या हातात चाबूक नाही, हे मान्य करायला हवं. तो शिक्षणानं औषधविक्रेता, चित्रकला बरीचशी स्वतःची स्वतः शिकलेला, जन्मभर एकटा राहिलेला माणूस. म्युनिकच्या एका विनोदी साप्ताहिकासाठी तो व्यंगचित्रंही काढायचा. असल्या तऱ्हेवाईक एकांड्यांची त्यानं आयुष्यभर चित्रं काढली, आणि स्वतःही त्यातलाच एक होता. म्हणून 'प्रेमळ टिंगल' म्हणा हवं तर.

आता घराण्याबद्दल. मूळपुरुष कोण म्हणाल तर माझं बोट 1494 सालच्या एका वुडकटवर, म्हणजे लाकडी ठशावरून छापलेल्या चित्रावर, जाईल. बाझेलमध्ये सेबास्टियन ब्रांट नावाच्या कायदेपंडितानं 'मूर्खांचं जहाज' हे पुस्तक काढलं. शंभराहून अधिक प्रकारचे मूर्ख, जवळजवळ प्रत्येकाला एक चित्र. जहाजावर पहिल्या क्रमांकावर कोण? दारुडा नाही, जुगारी नाही. पुस्तकवेडा! आपल्याकडे रामदासांनी मूर्खाची लक्षणं सांगून झाल्यावर पढतमूर्खाला वेगळा समास दिला. ब्रांटनं त्याला थेट पंगतीत पहिलं पान वाढलं.

ते चित्र मी बऱ्याचदा भिंगाखाली पाहिलंय. मोठाले जाडजूड ग्रंथ रचलेल्या मेजामागे एक जण बसलाय. नाकावर चष्मा. डोक्यावर झोपताना घालायची टोपी, आणि घुंगरं लावलेली विदूषकाची टोपी मागे लोंबतेय. आणि हातात? लेखणी नाही, पानाचा कोपरा नाही. पिसांचा झाडू. तो पुस्तकांवरच्या माश्या हाकतोय. खालच्या पद्यात तो स्वतःच कबुली देतो: पुस्तकं भरपूर आहेत, कळत फारसं नाही, पण मान मात्र पुरेपूर देतो, माशी बसू देत नाही. लॅटिन किती येतं? 'व्हीनुम' म्हणजे वाइन, 'स्टुल्टुस' म्हणजे मूर्ख, आणि मला लोक 'डॉक्टरमहाशय' म्हणतात, इतकं येतं.

यात गंमत अशी की छापखाना निघून तेव्हा अवघी चाळीसेक वर्षं झाली होती. पुस्तक एकाएकी स्वस्त आणि मुबलक झालं, आणि ते न वाचता गोळा करणाऱ्यांची नवी जमात उगवली. त्या जमातीला हसणारं पुस्तक त्याच छापखान्यातून निघालं, आणि तडाखेबंद खपलं. ते विकत घेऊन न वाचणारेही असणारच. विषय मात्र छापखान्याहून कितीतरी जुना. दिखाव्यासाठी ग्रंथसंग्रह करणाऱ्यांना रोमन सेनेकानं झोडपलंय, आणि अडाणी ग्रंथसंग्राहकावर ग्रीक लुशियननं अख्खा लेख लिहिलाय. ब्रांटनं त्यात चित्राची भर घातली, आणि चित्र लोकांच्या लक्षात राहिलं.

यातली बरीच वुडकट्स तरुण आल्ब्रेख्त ड्यूररची, असं बहुतेक अभ्यासक मानतात, आणि हे पहिलं चित्रही त्याच्याच नावावर धरतात. तसं असेल तर मजा बघा. याच ड्यूररनं वीस वर्षांनी, 1514 मध्ये, 'अभ्यासिकेतला संत जेरोम' हे एन्ग्रेव्हिंग, म्हणजे धातूच्या पत्र्यावर कोरून छापलेलं चित्र, केलं. विद्वानाचं याहून शांत चित्र मला माहीत नाही. सामान तेच: मेज, पुस्तकं, खिडकीतला उजेड. पण जेरोमच्या खोलीत पुस्तकं इनमिन हातावर मोजण्याएवढी, तीही बाकावर आडवीतिडवी टेकलेली. मेजावर गर्दी नाही. सिंह आणि कुत्रा दारात पेंगताहेत. आणि खोलीच्या पार टोकाला संत खाली मान घालून लिहितोय. हात कामात आहे. दोन्ही चित्रं शेजारी ठेवून मी शिकाऊ मुलांना एकच प्रश्न विचारतो: "झाडू कुणाकडे, लेखणी कुणाकडे?" पुढचं त्यांचं त्यांना समजतं.

यानंतर आर्चिंबोल्दो. फळाभाज्यांचे चेहरे रचणारा तो मिलानचा चित्रकार तुम्ही पाहिला असेल. 1562 मध्ये तो हाब्सबुर्ग दरबारात गेला, आणि 1566 च्या आसपास त्यानं पुस्तकांचा माणूस रचला. 'ग्रंथपाल' या नावानं ओळखलं जाणारं हे चित्र आज स्वीडनच्या स्कोक्लोस्टर किल्ल्यात आहे. दरबारी इतिहासकार वोल्फगांग लात्सिउसची ही थट्टा असावी असं पुष्कळांचं म्हणणं आहे. एक अभ्यासक तर म्हणते की ही थट्टा ग्रंथपालांची नाहीच, वाचनापेक्षा खरेदीत रस असलेल्या संग्राहकांची आहे. मला हे म्हणणं पटतं, आणि कारण पुन्हा हातच.

छाती म्हणजे एकावर एक आडवे रचलेले ग्रंथ. नाक, गाल, ओठही पुस्तकांचेच. डोळ्यांच्या जागी किल्ल्यांची कडी, म्हणजे याची नजर कपाटाच्या कुलुपातूनच बघते. दाढी धूळ झटकायच्या झुपक्यांची. ब्रांटच्या मूर्खाच्या हातातला झाडू इथे हनुवटीला चिकटलाय! आणि बोटं पुस्तकात खुणेसाठी घालतात त्या कागदाच्या पट्ट्यांची. अशा बोटांनी पान उलटता येत नाही. जागा धरून ठेवता येते, बस्स. एवढ्या पुस्तकांत उघडं फक्त एक आहे आणि ते डोक्यावर, केसांच्या जागी, पानं फिसकारलेलं. म्हणजे जे वाचता येण्याजोगं आहे नेमकं तेच याला कधी दिसणार नाही. मी हे चित्र कित्येक वर्षं नुसती करामत म्हणून बघत होतो. त्या उघड्या पुस्तकाची जागा लक्षात आली त्या दिवशी मोठ्यानं हसलो.

थट्टा अशी हसतखेळतच असते असं मात्र नाही. पीटर ब्रूगेलचं 'किमयागार' बघा. रेखाटन 1558 चं, त्यावरून फिलिप्स गालेनं एन्ग्रेव्हिंग केलं. उजवीकडे मेजाशी विद्वान बसलाय, पुढ्यात ग्रंथ, आणि बोट पानावर. पानावरचे शब्द वाचता येतात: 'आल्खे मिस्ट'. उच्चारात 'आल्केमिस्ट' म्हणजे किमयागार, अर्थ 'सगळं फसलं'. मराठीत जमवायचं तर 'किमया' आणि 'काय मिळालं' यांच्या मधलं काहीतरी. डावीकडे किमयागार कुठल्याशा भांड्यात शेवटचं नाणं टाकतोय. बायको मागे रिकामी थैली उलटी करून दाखवतेय. पोरं फडताळात चढून खायला शोधताहेत, फडताळही रिकामं, आणि एकाच्या डोक्यात पातेलं अडकलंय. खिडकीतून पुढची गोष्ट दिसते: हेच कुटुंब निराधारांच्या आश्रमाकडे निघालंय. एवढा हलकल्लोळ चाललाय आणि विद्वानाचं बोट पानावरून हललेलं नाही. हे चित्र बघताना माझं हसू दर वेळी अर्ध्यावर थांबतं.

प्राण्यांची फौज वेगळीच. विद्वानाला गाढव करणं सगळ्यात सोपं. ब्रूगेलनंच 1556 मध्ये 'शाळेतलं गाढव' काढलं, पुढच्या वर्षी ते छापून निघालं. खिडकीत गाढव उभं, समोर सुरावटीचा कागद, शेजारी मेणबत्ती आणि चष्मा. खालच्या ओळींचा भावार्थ असा की गाढव शाळेत गेलं म्हणून घोडा होऊन परतत नाही. आपली 'गाढवापुढे वाचली गीता' इथे चालेल, फक्त एक फरक आहे: इथे गीता गाढव स्वतःच वाचतंय. गोयाच्या 1799 च्या 'काप्रिचोस' मालिकेतल्या 80 चित्रांतही गाढवं पुष्कळ. एक कोट घालून मेजाशी बसलंय आणि आपल्या वंशावळीचा ग्रंथ अभिमानानं उघडून दाखवतंय. पानावर ओळीनं गाढवंच. शीर्षक: 'थेट आजोबांपर्यंत'. त्याच मालिकेतल्या आणखी एका चित्रात एक बडा माणूस केस विंचरून घेत, पायांत जोडे चढवून घेत पुस्तक वाचतोय. डोळे मिटलेले. शीर्षक: 'याला म्हणतात वाचन'.

शार्दांनं माकड घेतलं. त्याचं 'पुराणवस्तूंचा अभ्यासक माकड' लूव्ह्रमध्ये आहे. झगा घातलेलं माकड, आजूबाजूला ग्रंथ, हातात भिंग, आणि भिंगाखाली एक जुनं नाणं. हे चित्र मला बोचतं, कारण माझी बसायची तऱ्हा हुबेहूब अशीच आहे. नंतर त्यावरून एन्ग्रेव्हिंग निघालं, आणि त्याच्या खालच्या ओळींत विद्वानाला विचारलंय की जुन्या अवशेषांच्या अंधाऱ्या भुलभुलैयात एवढी खटपट कशाला, बघायला आपलं शतक काय कमी आहे?

घुबडाच्या बाबतीत मी स्वतः तोंडघशी पडलोय. उमेदवारीच्या दिवसांत एका डच छापचित्राच्या नोंदीत मी ठोकून दिलं, "घुबड: ज्ञानाचं प्रतीक." वरिष्ठांनी काही न बोलता माझ्याच भिंगानं मला घुबडाच्या शेजारी ठेवलेला चष्मा आणि मेणबत्ती दाखवली. डच म्हण अशी आहे की घुबडाला बघायचंच नसेल तर मेणबत्ती आणि चष्मा काय कामाचे? यान स्टेनच्या 'दारुडं जोडपं' या चित्रात मागच्या भिंतीवर नेमकं हेच घुबड टांगलंय. ग्रीकांचं घुबड शहाणं, डचांचं घुबड आंधळं. नोंद खोडून पुन्हा लिहिली, आणि तेव्हापासून पक्ष्याआधी मी त्याच्या आजूबाजूचं सामान बघतो.

एक उदाहरण होगार्थचं, फक्त तपशिलाच्या आनंदासाठी. 1736 च्या 'व्याख्यानाला बसलेले विद्यार्थी' या एचिंगमध्ये (पत्र्यावर आम्लानं रेषा कोरून छापलेल्या चित्रात) चौकोनी टोप्यांची दाटी आहे आणि मधोमध व्याख्याता कागदावरून वाचतोय. कागदावर लॅटिनमध्ये दोनच शब्द: 'दातुर व्हाकुउम', पोकळी अस्तित्वात असते. भौतिकशास्त्रातला तेव्हाचा गाजलेला वाद. आता भोवतालचे चेहरे बघा, पोकळी कुठे आहे ते दिसेल.

हात बघायची माझी युक्ती कुठे फसते तेही सांगतो. होल्बाइननं 1523 मध्ये काढलेल्या, इरॅस्मस या विद्वान लेखकाच्या व्यक्तिचित्रात त्याचे दोन्ही हात एका मिटलेल्या पुस्तकावर नुसते टेकलेत. ना लेखणी, ना उघडं पान. माझ्या नियमानं याला मूर्खांच्या जहाजात बसवायला हवं. पण पुस्तकाच्या कडेवर ग्रीकमध्ये लिहिलंय, 'हर्क्युलिसचे कष्ट'. ते पुस्तक त्यानं गोळा केलेलं नाही, उपसलेलं आहे. हात थकून विसावलेत. आणि हाच इरॅस्मस 'मूर्खपणाची स्तुती' लिहून स्वतःसकट सगळ्या पंडितांना हसून मोकळा झाला होता. त्या पुस्तकाच्या एका प्रतीच्या समासात तरुण होल्बाइननं शाईनं चित्रं काढली, त्यात लिहायला बसलेला इरॅस्मसही आहे. असं सांगतात की आपलं ते तरुण रूप बघून इरॅस्मस म्हणाला, असा दिसत असतो तर आत्तासुद्धा लग्न केलं असतं.

तसंच, जिथे पुस्तकं आहेत पण माणूसच नाही, तिथे टिंगल शोधू नका. 17 व्या शतकात लायडन या डच विद्यापीठाच्या गावाच्या आसपास जीर्ण, कोपरे दुमडलेल्या पुस्तकांची स्थिरचित्रं निघाली. यान दे हेमचं 1628 चं पुस्तकं आणि व्हायोलिनचं चित्र हेगच्या मॉरिट्सहाउसमध्ये आहे. तिथला सूर वेगळा: वाचणारा गेला, कागद उरला, तोही विटतोय. विद्यापीठाच्या गावातलं चित्र आहे, पण त्यात कुणी हसत नाही.

अलीकडचं विचाराल तर या घराण्यातला सगळ्यात वाह्यात वारस जॉन लेथम. 1966 मध्ये हा लंडनच्या सेंट मार्टिन्स कलाशाळेत शिकवत होता. तिथल्या ग्रंथालयातून त्यानं क्लेमंट ग्रीनबर्गचं 'आर्ट अँड कल्चर' घरी आणलं. ग्रीनबर्ग म्हणजे त्या काळचा कलेतला शब्दप्रमाण समीक्षक. लेथमनं मित्र आणि विद्यार्थी जमवले आणि सगळ्यांना पुस्तकाची पानं चावायला दिली. चावून थुंकायचं. तो लगदा आम्लात विरघळवला, यीस्ट घालून मुरवला. पुढे ग्रंथालयाकडून पुस्तक परत मागणारी चिठ्ठी आली. लेथमनं बाटलीभर द्रव नेऊन दिला आणि म्हणाला, हे घ्या पुस्तक. नोकरी गेली. ती बाटली, चिठ्ठी आणि बाकीचा ऐवज एका चामड्याच्या पेटीत घालून न्यूयॉर्कच्या म्युझियम ऑफ मॉडर्न आर्टमध्ये आहे. साडेचारशे वर्षं चित्रकार दाखवत होते की पुस्तकं माणसाला खातात. लेथमनं पंगत उलटी बसवली.

राहिलं तुमच्या घरातलं चित्र. दहापट मोठं दाखवणारं भिंग घ्या आणि म्हाताऱ्याच्या कोटावर धरा. रंगीत ठिपक्यांची फुलासारखी नक्षी दिसली तर ती ऑफसेटवर छापलेली प्रत आहे, बहुधा तशीच असेल. म्हणून फेकू नका, फक्त कुठे टांगली आहे ते बघा. समोरून ऊन येत असेल तर आजच हलवा. स्वस्त शायांमधला पिवळा आणि गुलाबी आधी उडतो, निळा मागे राहतो. श्पिट्झवेगनं ज्या सोनेरी उजेडासाठी एवढा खटाटोप केला तो जाईल, आणि वडिलांचा म्हातारा शिडीवर थंडीनं गारठल्यासारखा निळा पडेल.